चंदेरी कडेवरचे आकडे

एकाच अल्बमच्या दोन सीडी शेजारी शेजारी ठेवल्या, तर नवख्या माणसाला त्यांत काहीच फरक दिसत नाही. मुखपृष्ठ तेच, गाणी तीच, क्रमही तोच. तरीही त्यातली एक जुन्या सामानाच्या ढिगात पडून राहते आणि दुसरीसाठी संग्राहक महिनोन्‌महिने वाट पाहतात. हा फरक तबकडीच्या खालच्या बाजूला असतो. मधल्या छिद्राभोवती आरशासारखा चकाकणारा एक बारीक पट्टा असतो, त्यावर काही आकडे आणि अक्षरे उमटलेली असतात. सीडी कोणत्या कारखान्यात, कोणत्या साच्यातून निघाली याची ती खूण असते. सुरुवातीच्या सीडी जमवणे म्हणजे मुख्यतः हा पट्टा वाचता येणे.

संग्राहकांना ज्या सीडी हव्या असतात, त्या साधारण १९८२ ते १९८६-८७ या काळातल्या, बहुतांशी जपानमध्ये किंवा तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत तयार झालेल्या. सीडीची जाहिरात करताना कंपन्यांनी एक मोठे आश्वासन दिले होते. संगीत आता आकड्यांत साठवलेले आहे, त्यामुळे प्रत्येक प्रत हुबेहूब सारखी असेल आणि झिजणारही नाही. एकाच साच्यातून निघालेल्या प्रतींपुरते ते खरे होते. पण एका अल्बमचा साचा जगभरात एकदाच तयार झाला नाही. देशादेशांत, वेगवेगळ्या टेपवरून, वेगवेगळ्या हातांनी तो पुन्हा पुन्हा तयार होत गेला आणि दर वेळी काही ना काही बदलले. हा बदल हुडकून काढणे हाच या छंदाचा गाभा आहे.

कॉम्पॅक्ट डिस्क ही हॉलंडच्या फिलिप्स आणि जपानच्या सोनी या दोन कंपन्यांची संयुक्त निर्मिती. फिलिप्सने ८ मार्च १९७९ रोजी आइंडहोव्हन येथे पत्रकारांसमोर तिचे प्रात्यक्षिक दाखवले. त्यानंतर दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून मापे ठरवली आणि १९८० मध्ये ती 'रेड बुक' नावाच्या मानकात पक्की झाली. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधले छिद्र १५ मिलिमीटर, आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एप्रिल १९८१ मध्ये साल्झबुर्ग येथे झालेल्या कार्यक्रमात हर्बर्ट फॉन कारायान यांच्यासारख्या जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालकाने या नव्या माध्यमाची जाहीर पाठराखण केली.

१७ ऑगस्ट १९८२ रोजी हॅनोव्हर शहराला लागून असलेल्या लांगेनहागेन येथील पॉलीग्राम कंपनीच्या कारखान्यात विक्रीसाठीच्या सीडींचे उत्पादन सुरू झाले. 'ॲबा' या स्वीडिश गटाचा 'द व्हिजिटर्स' हा अल्बम त्या दिवशी यंत्रातून बाहेर पडला. तबकडीच्या इतिहासात हॅनोव्हरचे नाव आधीपासून आहे. सपाट तबकडीचा शोध लावणारे एमिल बर्लिनर याच गावचे. त्यांनी १८९८ मध्ये स्थापन केलेल्या डॉइशे ग्रामोफोन कंपनीचा कारखानाही इथलाच. हिंदुस्थानशीही या गावाचे जुने नाते आहे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकड्या हॅनोव्हरलाच तयार होऊन बोटीने परत आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातल्या सियालदहला कारखाना निघेपर्यंत आपल्याकडच्या गवयांचा आवाज असाच जर्मनीची वारी करून यायचा. त्याच गावातून ऐंशी वर्षांनी सीडी निघाली, हे जुन्या तबकड्यांवर प्रेम करणाऱ्याच्या मनातून सहसा जात नाही.

विक्री मात्र आधी जपानमध्ये सुरू झाली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १,६८,००० येनांना बाजारात आला आणि त्याच दिवशी सीबीएस/सोनी कंपनीने पन्नास अल्बम सीडीवर आणले. बिली जोएल यांच्या 'फिफ्टी-सेकंड स्ट्रीट'चा कॅटलॉग क्रमांक होता ३५डीपी-१. संग्राहकांच्या दृष्टीने हा क्रमांक वाचण्याजोगा आहे. त्यातला '३५' म्हणजे किंमत, ३,५०० येन. जपानी कंपन्या सीडीची किंमत तिच्या क्रमांकातच गुंफत. तोशिबा-ईएमआयच्या सीडी 'सीपी३५'ने सुरू होत, डेनॉनच्या काही '३८सी३७'ने, म्हणजे ३,८०० येन. पुढे किमती उतरल्या तसे '३५'च्या जागी '३२' आले. त्यामुळे एखाद्या सीडीच्या पाठीवर '३२' दिसले, तर ती पहिल्या खेपेची नाही हे डबी न उघडताच कळते.

युरोप आणि अमेरिकेत सीडी १९८३ च्या मार्चमध्ये पोहोचली. त्या वेळी सबंध जगाची मागणी मोजक्या कारखान्यांवर होती. त्यात मुख्य दोन, जपानच्या शिझुओका प्रांतातला सीबीएस/सोनीचा आणि हॅनोव्हरचा पॉलीग्रामचा. जोडीला जपानमधलेच आणखी काही होते. अमेरिकेत तर दीडेक वर्ष एकही सीडी तयार होत नव्हती. सारा माल बाहेरून यायचा, वरचा कागद मात्र अमेरिकेत छापलेला असायचा. अशा सीडीला संग्राहक 'जपान फॉर यूएस' म्हणतात. डबीतली पुस्तिका अमेरिकन आणि तबकडीवर 'मेड इन जपान', अशी ही जोडी आहे. त्या कारखान्यांत धुळीचा एक कण पुरे व्हायचा आणि बराच माल बाद होत असे. म्हणून या काळातल्या पुष्कळ सीडींच्या प्रती मुळातच थोड्या निघाल्या.

साच्याची गोष्ट समजली की चकाकत्या पट्ट्यावरचे आकडे उलगडतात. आधी काचेच्या गुळगुळीत चकतीवर प्रकाशाने बदलणारे रसायन पसरतात आणि लेझरने त्यावर संगीताची नोंद खळग्यांच्या रूपात कोरतात. ही काच म्हणजे मूळ मास्टर. तिच्यावर विद्युतप्रक्रियेने निकेलचा थर चढवून ठसा उचलतात. ठशाला 'फादर' म्हणतात, त्यावरून 'मदर' आणि मदरवरून प्रत्यक्ष छापणारे 'स्टॅम्पर'. स्टॅम्पर यंत्रात बसवून त्यावर वितळलेले पॉलीकार्बोनेट दाबाने सोडले, की काही सेकंदांत पारदर्शक चकती तयार होते. तिच्या वरच्या अंगावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर, त्यावर लाखेचे संरक्षण आणि शेवटी लेबलाची शाई. खळग्यांची ही वाट ग्रामोफोनच्या उलट, आतून बाहेर, सर्पिलाकार जाते. दोन वेढ्यांतले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक वेढे सहज बसतात. ती वाट उलगडून सरळ केली, तर पाच किलोमीटरच्या पुढे जाते.

काचेचा मास्टर करतानाच आतल्या कडेवर ओळखक्रमांक घालतात. त्याला 'मॅट्रिक्स क्रमांक' म्हणतात. ही पद्धत सीडीच्या खूप आधीची. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरही मधल्या लेबलाभोवती असेच आकडे कोरलेले असत. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या सभासदांनी असल्या आकड्यांवरूनच जुन्या गवयांच्या ध्वनिमुद्रणांचा काळ लावण्याचे मोठे काम केले आहे. सीडीचा संग्राहकही नव्या तबकडीवर तेच करत असतो.

सीडी बोटांनी कडेला धरून दिव्याखाली किंचित तिरकी केली, की पट्टा उजळतो आणि अक्षरे वर येतात. सीबीएस/सोनीच्या कारखान्यातल्या सीडीवर कॅटलॉग क्रमांक आणि त्यामागे '११ए१' अशा धाटणीची खूण दिसते. ती खूण बदलली, म्हणजे साचा बदलला. हॅनोव्हरच्या सीडीवर 'मेड इन डब्ल्यू. जर्मनी बाय पॉलीग्राम' अशी अक्षरे गोलाकार असतात. अमेरिकेतल्या पहिल्या कारखान्याच्या सीडीवर 'डीआयडीपी' ही अक्षरे आणि पुढे पाच आकडे. जे पट्ट्यावर नसते, तेही तितकेच बोलके असते. १९९४ पासून मधल्या छिद्राजवळ 'आयएफपीआय' असे अगदी बारीक अक्षरांत लिहून कारखान्याचा सांकेतिक क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली. ती अक्षरे ज्या सीडीवर आहेत, ती ऐंशीच्या दशकातली असूच शकत नाही, मग कागदावर काहीही छापलेले असो. 'वेस्ट जर्मनी' हे शब्द तर आपोआप कालमर्यादा घालतात, कारण ३ ऑक्टोबर १९९० रोजी तो देशच उरला नाही.

डबीही पुरावा देते. पहिल्या काळातल्या प्लास्टिकच्या डब्यांच्या वरच्या आणि खालच्या कडा गुळगुळीत होत्या, पुढे त्यांवर बारीक खाचा आल्या. जाणकार या जुन्या डबीला 'स्मूथ केस' म्हणतात आणि तडा न गेलेली मिळाली तर जपून ठेवतात. जपानी सीडीच्या डाव्या बाजूला कागदाची एक उभी पट्टी गुंडाळलेली असते, तिला 'ओबी' म्हणतात. किमोनोवर बांधायच्या कमरपट्ट्याचे हे नाव. त्या पट्टीवर किंमत आणि जाहिरातीचा मजकूर असल्यामुळे बहुतेक ग्राहकांनी ती घरी आल्यावर फेकून दिली. त्यामुळे ओबीसकट मिळालेली १९८२-८३ ची सीडी आणि ओबी हरवलेली तीच सीडी यांच्या किमतीत मोठी तफावत पडते. अमेरिकेत सीडी पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यात विकत. ते साधारण सहा इंच रुंद आणि बारा इंच उंच असे, कारण दुकानांतले खण एलपीच्या मापाचे होते. १९९३ मध्ये ती पद्धत बंद झाली. ती खोकीही आता जमवली जातात.

डबी आणि पट्टी हे बाहेरचे आकर्षण. खरी ओढ आवाजाची असते आणि तिथे मास्टरिंगचा प्रश्न येतो. मूळ ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्या चुंबकीय टेपवर असते. सीडीसाठी ते आकड्यांत आणावे लागे आणि त्या काळी ते काम सोनीच्या पीसीएम-१६१० या यंत्राने होई. ते आकडे यू-मॅटिक या व्हिडिओ टेपवर साठवत. सेकंदाला ४४,१०० हा अडनिडा वाटणारा आकडा याच व्हिडिओ टेपने दिलेला आहे. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसत. सेकंदाला चित्राची साठ क्षेत्रे आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी, असा हिशेब मांडला की ४४,१०० येतात. युरोपच्या पन्नास क्षेत्रांच्या पद्धतीत २९४ ओळी धरल्या, तरी उत्तर तेच.

यंत्रात कोणती टेप चढवली गेली, यावर सारे अवलंबून असे. स्टुडिओत अंतिम मिश्रण झालेली पहिली टेप कंपनीच्या तिजोरीत असायची. परदेशी शाखांकडे तिची नक्कल जाई, कधी नकलेची नक्कल. काही नकला एलपी कापण्याच्या सोयीसाठी खास बदललेल्या असत. एलपीची खाच खोल खर्जाला फार जागा देत नाही, म्हणून टेपवरच तो आवरलेला असे. अशी टेप जशीच्या तशी सीडीवर आली, तर आवाज कोरडा आणि कर्कश वाटतो. सीडीचा आवाज 'थंड' असतो ही तक्रार त्या काळात फार झाली. तिचा मोठा वाटा या चुकीच्या टेपांकडे जातो. उलट ज्या सीडीसाठी चांगली टेप मिळाली आणि अभियंत्याने काही न ढवळता ती सरळ आकड्यांत उतरवली, त्या सीडी आज सर्वाधिक मागितल्या जातात. संग्राहक त्याला 'फ्लॅट ट्रान्सफर' म्हणतात.

जुने ते सगळे चांगले, असे अर्थातच नाही. मग जुन्या सीडीकडे वळावेसे का वाटते? नव्वदच्या दशकात अल्बम नव्याने मास्टर करून विकण्याची लाट आली, आणि त्याबरोबर आवाज मोठा करण्याची चढाओढ. आकड्यांत साठवलेल्या आवाजाला वरची एक ठाम मर्यादा असते, तिच्या पलीकडे काही लिहिता येत नाही. मग सरासरी आवाज वाढवायचा, तर शिखरे दाबून दऱ्या वर उचलायच्या. तबल्याची थाप आणि तंबोऱ्याचा झंकार एकाच उंचीवर आणून ठेवल्यासारखे ते होते. पहिली दोन मिनिटे दणदणीत वाटते, नंतर कान थकतो. मेटालिका गटाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हा याचा गाजलेला नमुना. त्यातली गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात होती आणि श्रोत्यांनी सीडीपेक्षा तीच पसंत केली. ऐंशीच्या दशकातल्या सीडीवर असा दाब नसतो. तिचा आवाज बारीक वाटतो, पण प्लेअरचे बटण थोडे फिरवले की हळू जागा हळू आणि जोरकस जागा जोरकस राहतात. संगीत ऐकणाऱ्याला यापेक्षा वेगळे काय हवे?

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. दोन सीडींवरचे आकडे जर तंतोतंत सारखे असतील, तर त्यांचे संगीतही सारखेच असते. एक जपानची आणि दुसरी अमेरिकेची असल्याने त्यात गोडवा येत नाही. आता संगणकावर दोन्ही उतरवून आकडे ताडून पाहता येतात. तशी तपासणी केल्यावर अनेकदा असे दिसते, की अमेरिकेतली नंतरची स्वस्त सीडी जपानच्या दुर्मीळ सीडीच्याच मास्टरवरून निघाली आहे. फरक कुठेतरी काही नमुन्यांनी पुढे-मागे सरकल्याचा, एवढाच. ज्याला फक्त ऐकायचे आहे, त्याने अशा वेळी स्वस्त सीडी घ्यावी. ज्याला पहिली वस्तू हातात हवी आहे, त्याची गोष्ट निराळी आणि तीही समजण्याजोगी. सगळ्यात वाईट हाल होतात, ते या दोन इच्छा एकमेकींत मिसळणाऱ्याचे.

या छंदात काही सीडींची नावे पुन्हा पुन्हा निघतात. पहिली 'बीटल्स'च्या 'ॲबी रोड'ची. तोशिबा-ईएमआयने १९८३ मध्ये जपानात ती सीपी३५-३०१६ या क्रमांकाने आणली. पण गटाची आणि लंडनच्या मुख्य कंपनीची संमती न घेता ती काढली गेल्यामुळे मागे घ्यावी लागली. 'बीटल्स'चे अल्बम अधिकृतपणे सीडीवर यायला १९८७ चा फेब्रुवारी उजाडला आणि 'ॲबी रोड'ला तर त्याच वर्षीचा ऑक्टोबर. मधल्या काळात जगात या गटाच्या अल्बमची हीच एक सीडी होती. तिचा आवाजही अनेकांना १९८७ च्या सीडीपेक्षा भरीव वाटतो. मागणी एवढी, की तिच्या बनावट प्रतीही निघाल्या.

तिच्या पुढचाच क्रमांक, सीपी३५-३०१७, 'पिंक फ्लॉइड'च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा. या सीडीच्या चंदेरी लेबलावर भरीव काळा त्रिकोण छापलेला आहे, म्हणून तिला 'ब्लॅक ट्रँगल' म्हणतात. विकणारी कंपनी तोशिबा-ईएमआय, पण सुरुवातीच्या तबकड्या तयार झाल्या सीबीएस/सोनीच्या कारखान्यात, कारण तोशिबा-ईएमआयची स्वतःची यंत्रे अजून उभी राहायची होती. ईएमआयचा इंग्लंडमधला स्विंडनचा कारखाना १९८६ मध्ये आला. तोपर्यंत इंग्लंडच्या दुकानांतही या इंग्रज गटाची जपानातच तयार झालेली सीडी असे. पुढे तोशिबाच्या साच्यांतून निघालेल्या प्रतींच्या पट्ट्यावर 'टीओ' ही दोन अक्षरे आली. त्रिकोण आहे आणि 'टीओ' नाही, ही जोडी जुळली की सीडी पहिल्या कुळीची. हा अल्बम घड्याळांच्या गजरासाठी आणि हृदयाच्या ठोक्यासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या सीडीत ठोका अगदी लांबून, शांततेतून जवळ येतो आणि गजर खरोखर दचकवतो.

डेव्हिड बोवी यांचे जुने अल्बम आरसीए कंपनीने १९८४-८५ मध्ये सीडीवर काढले. थोड्याच काळात हक्कांच्या प्रश्नावरून ही मालिका बाजारातून गेली. नवी मालिका रायकोडिस्क कंपनीने १९८९ पासून आणली, तीत जास्तीची गाणी होती, पण आवाज वेगळा होता. मधली काही वर्षे त्या सीडी कुठेच मिळत नव्हत्या आणि तेव्हापासून त्यांचा शोध सुरू आहे. त्यातही गंमत अशी, की जपानच्या आणि पश्चिम जर्मनीच्या प्रती काही अल्बमांत निरनिराळ्या मास्टरिंगच्या आहेत. म्हणून बोवींचा चाहता दोन्ही जमवतो आणि शेजारी लावून ऐकतो.

हॅनोव्हरच्या मालात सर्वांत देखण्या 'टार्गेट' सीडी. वॉर्नर, अटलांटिक, असायलम अशा लेबलांसाठी निघालेल्या या सीडींवर रंगीत वर्तुळ आणि त्यातून जाणाऱ्या आडव्या-उभ्या रेघा छापलेल्या आहेत, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या. 'ईगल्स'चा 'होटेल कॅलिफोर्निया', 'लेड झेपलिन'चा चौथा अल्बम असे अनेक लोकप्रिय अल्बम या रूपात आले. काही टार्गेट सीडी जपानातही झाल्या. एकाच अल्बमचे लेबल वेगवेगळ्या रंगांत सापडते, आणि संग्राहक त्या रंगांचीही यादी ठेवतात. निव्वळ आवाजाचा विचार केला, तर सगळ्याच टार्गेट सीडी सरस नाहीत. इथे डोळ्यांनाही हवे असते, हे मान्य करावे लागते.

अमेरिकेतला सीडीचा पहिला कारखाना इंडियाना राज्यातल्या टेरे होट येथे सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झाला आणि तिथून निघालेली पहिली सीडी होती ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची 'बॉर्न इन द यूएसए'. अल्बम मात्र जूनमध्येच प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे तिच्या सुरुवातीच्या सीडी जपानहून आलेल्या असतात. ब्रिटनमधला पहिला कारखाना मन्मथजवळच्या वायस्टोन लीज येथे निंबस कंपनीने त्याच वर्षी काढला. मुंबईकर पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्या बासरीची ध्वनिमुद्रणे याच निंबसने पुढे प्रसिद्ध केली, त्यामुळे आपल्याकडच्या रसिकांच्या कपाटातही हे नाव सापडते.

जुन्या जपानी सीडीत आणखी एक गुपित दडलेले असते, 'प्री-एम्फसिस'. सुरुवातीच्या यंत्रांत हळू आवाजांवर खरखर येईल, या भीतीने काही अभियंते मुद्रणाच्या वेळी वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम वाढवत. सर्वांत वरच्या टोकाला ही वाढ साडेनऊ डेसिबलच्या आसपास जाते. सीडीवर एक सूचना लिहिलेली असे. प्लेअरने ती वाचायची आणि वाजवताना तेवढाच आवाज उतरवायचा. 'ॲबी रोड'ची जपानी सीडी अशीच आहे. घरातल्या प्लेअरवर ती ठीक वाजते. संगणकावर उतरवली, तर मात्र पुष्कळदा सूचना मागे राहते आणि झांजा कानात टोचू लागतात. त्यातही ही सूचना दोन ठिकाणी असू शकते. सीडीच्या सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत, किंवा संगीताबरोबर वाहणाऱ्या उपसंकेतांत. काही सीडींत ती फक्त दुसऱ्या ठिकाणी आहे आणि अनुक्रमणिकाच तपासणाऱ्या संगणकाला ती सापडत नाही. पुष्कळांनी अशी सीडी कर्कश म्हणून विकून टाकली आहे. दोष तबकडीचा नव्हता.

विकत घेताना सगळ्यांचे लक्ष खालच्या बाजूच्या ओरखड्यांकडे जाते, पण धोका वरून जास्त असतो. खाली १.२ मिलिमीटर पॉलीकार्बोनेट आहे. तिथला हलका ओरखडा लेझर सहसा ओलांडून जातो, कारण चुका दुरुस्त करणारी आकडेमोड सीडीतच बांधलेली आहे. लेबलाच्या बाजूला मात्र ॲल्युमिनियम आणि जग यांच्यामध्ये लाखेचा पापुद्रा फक्त. तिथे नखाने खोल ओरखडा गेला, तर संगीतच खरवडले जाते. म्हणून सीडी दिव्यासमोर धरून आरपार पाहतात. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तिथला धातू गेलेला असतो. एक-दोन ठिपक्यांनी बिघडत नाही, जाळे दिसले तर ती सीडी सोडलेली बरी.

झिजणार नाही असे सांगितलेल्या सीडीला रोगही जडतो. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्न येथील पीडीओ या कंपनीच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या काही सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या. वरची लाख गंधकाला रोखू शकली नाही आणि कागदातल्या गंधकाने आतला धातू काळवंडला. तांबूसपणा आधी बाहेरच्या कडेला दिसतो, आणि सीडी आतून बाहेर वाजत असल्याने शेवटची गाणी आधी अडखळतात. कंपनीने पुढे अनेक वर्षे अशा सीडी बदलून दिल्या. 'मेड इन यूके बाय पीडीओ' ही अक्षरे पट्ट्यावर दिसली, की जाणकार सीडी उजेडात नेऊन तिचा रंग पाहतात. गंमत म्हणजे १९८२-८३ च्या जपानी आणि जर्मन सीडी बहुतांशी अजूनही लखलखीत आहेत.

दोन सीडींच्या जाड जुन्या डब्यांत स्पंजाचा चौकोनी तुकडा घालत, तबकडी हलू नये म्हणून. वर्षांनी हा स्पंज विरघळून चिकट होतो आणि लेबलाला धरतो, काढताना शाई आणि लाख सोबत येतात. अशी डबी हाती आली, की आधी स्पंज काढून टाकायचा आणि मग सीडी ऐकायला बसायचे. आपल्याकडच्या दमट हवेत पुस्तिकेचे कागद एकमेकांना चिकटतात, ओबीला बुरशी येते. म्हणून कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात डबी प्लास्टिकच्या पिशवीत आणि कपाट भिंतीपासून थोडे पुढे ठेवावे लागते. सीडी पुसायची तर मऊ कापडाने, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल फिरवून पुसले, तर ओरखडा खळग्यांच्या वाटेनेच जातो आणि चूक दुरुस्त करणारी आकडेमोड तिथे हरते. संग्रहाच्या वहीत अल्बमच्या नावापुढे पट्ट्यावरचा सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवतात, अक्षरांमधल्या रिकाम्या जागांसकट. त्यासाठी साधे भिंग आणि टेबलावरचा दिवा पुरतो.